हार्ट फेल्युअरचा पेशंट गावी, डॉक्टर नागपुरात: फोनवरून नीट काळजी घेता येते का?

खामल्याची_लेक

रामदासपेठ किंवा धंतोलीतल्या कुठल्याही हृदयरोगतज्ज्ञाच्या वेटिंगमध्ये तासभर बसा, अर्धा विदर्भ भेटतो. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, पलीकडून छिंदवाडा, बालाघाट. पहाटेची गाडी पकडून आलेली, पाय सुजलेली माणसं, हातात इकोच्या रिपोर्टांची पिशवी. आत गेल्यावर पाच-सात मिनिटं, एखादी गोळी अर्धी वाढते किंवा कमी होते, की परतीची गाडी. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची पंप करायची ताकद कमी होणं, एकदा झालं की हे जन्मभराचं. म्हणून हा धागा काढतेय. आमच्याकडे टेलिमेडिसिनने, म्हणजे फोन-व्हिडिओवरून चाललेल्या उपचाराने, बराच फरक पडला. तो का पडला आणि तुमच्याकडे काय अनुभव आहे, यावर मोकळेपणाने बोलू या.

बाबा ६८ वर्षांचे, आईसोबत तुमसरला राहतात. मी नागपुरात. हार्ट अटॅकनंतर पंपिंग ३० टक्क्यांवर आलं आणि मग भरती, सुट्टी, पुन्हा भरती सुरू झालं. दर वेळी क्रम तोच. आठवडाभर पाय हळूहळू सुजायचे, विचारलं की बाबा "बरं आहे" म्हणायचे, मग एक रात्र बिछान्यावर बसून निघायची आणि पहाटे गाडी करून नागपूर गाठायचं.

मागच्या सुट्टीच्या वेळी डॉक्टरांनी वेगळी पद्धत बसवून दिली. रोज सकाळी घरून आकडे पाठवायचे, त्यांची सिस्टर ते त्याच दिवशी बघणार, ठरावीक अंतराने डॉक्टर स्वतः व्हिडिओवर बोलणार आणि तीन महिन्यांनी प्रत्यक्ष तपासणी. मशीन म्हणाल तर घरात फक्त डिजिटल वजनकाटा आणि दंडाला पट्टा बांधायचं बीपीचं यंत्र.

सकाळी उठल्यावर लघवी करून, चहाच्या आधी, अंगावर तेवढेच कपडे ठेवून वजन करायचं. काटा सतरंजीवर ठेवायचा नाही, फरशीवर ठेवायचा. मग पाच मिनिटं टेकून बसून बीपी आणि नाडी. आई मेसेज टाकते: "वजन ६१.४, बीपी ११०/७०, पल्स ७२, पाय ठीक, उशी १." एवढंच. उशी म्हणजे रात्री दम लागू नये म्हणून डोक्याखाली किती घेतल्या ते. स्मार्टफोन तिला येत नव्हता असं नाही, पण ॲप उघडा, लॉगिन करा, हे तिच्याने रोज झालं नसतं. व्हॉट्सॲप जमतं.

महालक्ष्म्यांच्या जेवणानंतर ६१.४ चे ६२.३ झाले, नंतर ६३.६. बाबांना काहीच होत नव्हतं. दम नाही, खोकला नाही. सिस्टरचा फोन आला, काय काय खाल्लं विचारलं, आणि व्हिडिओ लावून पाय दाखवायला सांगितलं. मी पण कॉलवर होते. आईने बाबांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, उचलला, आणि खड्डा तसाच राहिला. स्क्रीनवर स्पष्ट दिसला. डॉक्टरांनी त्याच दुपारी लघवीची गोळी काही दिवसांसाठी वाढवून दिली, तुमसरच्याच लॅबमध्ये पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करायला लावलं. वजन उतरलं, गोळी पूर्ववत झाली. आधीचा काळ असता तर आणखी चार दिवसांनी आम्ही आयसीयूच्या बाहेर बसलेलो असतो.

माझं मत एवढंच, की पलीकडे आकडा वाचून त्याच दिवशी निर्णय घेणारं माणूस असेल तर हे चालतं. तसं माणूस नसेल तर कितीही भारी यंत्र घ्या, उपयोग नाही. तुम्हाला काय वाटतं?

हृदयस्थ

धागा फार गरजेचा आहे. मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. इथे कुणालाही गोळीचा डोस सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा विषय आहे.

आधी वजनावर इतका भर का, ते सांगतो. हृदय कमी जोराने पंप करतं तेव्हा किडनीला रक्त कमी पोचतं. किडनीची समजूत होते की शरीरात पाणी कमी पडलंय, आणि ती मीठ-पाणी धरून ठेवायला लागते. हे पाणी आधी चुपचाप साठतं. दम लागायच्या कितीतरी दिवस आधी काट्यावर दिसतं. म्हणून तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वजन वाढलं तर कळवा, असं आम्ही सांगतो. तीन दिवसांत चरबी दोन किलो वाढत नाही, ते पाणीच असतं.

आता 'पलीकडे माणूस हवं' या तुमच्या मुद्द्याबद्दल. संशोधनही जवळपास हेच सांगतं. अमेरिकेत टेलि-एचएफ नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१० साली प्रसिद्ध झाला. १,६५३ रुग्ण होते. त्यातल्या साधारण निम्म्यांनी रोज एका स्वयंचलित फोन सेवेला फोन करून लक्षणं आणि वजन बटणं दाबून नोंदवायचं. सहा महिन्यांत पुन्हा भरती होण्यात किंवा मृत्यूत काहीच फरक पडला नाही. बऱ्याच जणांनी फोन करणं मधेच सोडून दिलं, काहींनी तर सुरूच केलं नाही. उलट जर्मनीत बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने चालवलेला टिम-एचएफ२ हा अभ्यास २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथे १,५०० हून जास्त रुग्ण होते. त्यातले साधारण निम्मे रोज वजन, बीपी, ईसीजी, ऑक्सिजन आणि तब्येतीचा स्वतःचा अंदाज पाठवत, आणि पलीकडे डॉक्टर व नर्स २४ तास बसलेले असत. बाकीच्यांवर नेहमीसारखे उपचार. बाकीच्यांच्या तुलनेत वर्षभरात मृत्यूचं प्रमाण दर १०० रुग्णांमागे ११.३ वरून ७.९ वर आलं. भरती किंवा मृत्यूमुळे वाया गेलेले दिवस वर्षाला साधारण २४ वरून १८ च्या आसपास आले.

पण नर्स नेमली की झालं, असंही म्हणता येत नाही. कॅलिफोर्नियातला बीट-एचएफ अभ्यास २०१६ चा. त्यात घरी यंत्रं होती, नर्सचे फोनही होते, तरी सहा महिन्यांतल्या भरतीत फरक दिसला नाही. तिथेही बऱ्याच रुग्णांनी आकडे नियमित पाठवले नाहीत. रोज पाठवणारं घर, रोज वाचणारं माणूस आणि गोळी बदलायचा अधिकार असलेला डॉक्टर, या तिघांतला एक जरी निसटला तरी साखळी तुटते.

आपल्याकडे तर वेळ आणखी कमी असतो. राष्ट्रीय हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत ५३ रुग्णालयांतले १०,८५१ रुग्ण होते, सरासरी वय साधारण ६०. युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांपेक्षा आपले रुग्ण जवळजवळ दहा वर्षांनी तरुण, म्हणजे घरातला कमावता माणूसच बहुतेक. त्यातले १४ टक्के ९० दिवसांत दगावले. सुट्टी झाल्यानंतरचे पहिले तीन महिने हा सगळ्यात नाजूक काळ, आणि आपण नेमके तेव्हाच "महिन्याभराने दाखवायला या" म्हणून मोकळे होतो.

उमरेड_रोड

डॉक्टरसाहेब, तुमचं बरोबर आहे जी, पण माझा अनुभव उलटा आहे. आमच्या मामाला सुट्टी झाली तेव्हा एका खासगी दवाखान्याने महिन्याचं पॅकेज दिलं होतं. काटा दिला, बीपीची मशीन दिली, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर दिलं, सगळं ब्लूटूथवर. आकडे आपोआप जाऊन राहिले होते. आम्ही निश्चिंत. वजन वाढून राहिलं होतं ते आम्ही पाहत होतो, पण वाटलं की तिकडे कोणी तरी पाहूनच राहिलं असेल. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी मामाला दम लागला अन् मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) न्यावं लागलं. नंतर विचारलं तर म्हणाले, सुट्टीच्या दिवशी डॅशबोर्ड कोणी पाहत नाही. पैसे पुरे घेतले, अन् हे काहून आधी सांगितलं नाही? तेव्हापासून मामी म्हणते, यंत्रापेक्षा मीच बरी.

हृदयस्थ

@उमरेड_रोड, मामींचा राग मला पूर्ण पटतो. आकडे जातायत म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि आकडे बघितलेच जात नाहीत. याच्याइतकी धोक्याची अवस्था दुसरी नाही. आकडे न पाठवणारं घर निदान सावध तरी असतं.

अशी कुठलीही सोय घेण्याआधी तोंडावर विचारा: रविवारी आणि रात्री कोण बघतं? वजन वाढलं तर किती तासांत फोन येईल? फोन करणाऱ्याला माझ्या डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलता येतं का? रविवारी कोणी बघत नसेल तर तसं स्पष्ट सांगितलेलं चालेल, मग त्या दिवशी काय करायचं ते कागदावर लिहून घ्या. बरेच डॉक्टर विश्वासातल्या घरांना सांगून ठेवतात की वजन अमुक इतकं वाढलं तर लघवीची गोळी अमुक इतकी घ्या आणि मला कळवा. ही सूचना तुमच्या पेशंटपुरती, लेखी, डॉक्टरांच्या सहीची असावी. शेजारच्याची वापरायची नाही.

सिस्टर_सदर

मी नर्स आहे, हार्ट फेल्युअरच्या पेशंटना फोन करायचं काम काही वर्षं करतेय. डॉक्टरांनी अभ्यास सांगितले, मी फोनवर काय ऐकते ते सांगते.

"कसं वाटतंय?" असं विचारलं की विदर्भातला पेशंट, त्यातही म्हातारा पुरुष, "बरं आहे" शिवाय काही सांगत नाही. म्हणून मी तसं विचारतच नाही. रात्री किती उशा घेतल्या, ते विचारते. कालपर्यंत एक होती आणि आज दोन लागल्या, की मी वहीत लाल खूण करते. चप्पल घट्ट होतेय का? पायजम्याची नाडी कालच्याच ठिकाणी बांधली का? बायकांना विचारते, जोडवी रुततायत का, लुगड्याची गाठ पोटाला लागतेय का. वाकून चप्पल घालताना दम लागतो का. भूक मेलीय का. पोटात, यकृताशी पाणी साठलं की दोन घास खाल्ल्यावरच पोट भरल्यासारखं होतं, आणि घरचे समजतात ॲसिडिटी आहे.

आणि मी पेशंटला बोलत ठेवते. शेतात काय पेरलं, नातवंडं कशी आहेत. एका दमात पूर्ण वाक्य येतंय की मधे थांबावं लागतंय, हे फोनवर स्पष्ट ऐकू येतं. त्याला कुठलं यंत्र लागत नाही.

व्हिडिओ असेल तर खिडकीकडे तोंड करून, पाठीला उशा लावून अर्धवट टेकून बसवा. मानेची शीर फुगलेली आहे का, ते डॉक्टरांना बघायला सोपं जातं. ट्यूबलाइट पाठीमागे ठेवली की चेहरा काळा दिसतो आणि काहीच कळत नाही. ऑक्सिमीटर लावताना बोट गार नको, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. मनगटावरची बीपी मशीन घेऊ नका, दंडावरचीच घ्या. ज्यांची नाडी अनियमित आहे त्यांनी एकदा मोजून सोडून देऊ नये, दोन-तीनदा मोजावं.

फोन शक्यतो घरातल्या बाईच्या हातात द्या. पेशंट लपवतो, ती लपवत नाही.

वैनगंगाकाठी

आमच्या गावाकडे खासगी पॅकेज वगैरे काही नाही. आमच्या काकूंना उपकेंद्रावर, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, ई-संजीवनीवरून, म्हणजे सरकारच्या टेलिमेडिसिन सेवेवरून, दाखवलं. तिथल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताईंनी बीपी, वजन घेतलं आणि टॅबवरून वरच्या डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. एक पैसा लागला नाही. घरूनही ई-संजीवनी ओपीडी करता येते, ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरू झाली.

अडचण एकच, दर वेळी तोच डॉक्टर मिळेल असं नाही. नवीन डॉक्टरला सगळी कथा पहिल्यापासून सांगावी लागते. म्हणून आम्ही डिस्चार्ज कार्ड, शेवटचा इको, शेवटचा किडनीचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी असे चार फोटो फोनमध्ये वेगळ्या फोल्डरला ठेवलेत. ते दाखवले की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. आशाताई आठवड्यातून एकदा घरी येऊन पाय बघून जातात. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे, एवढ्या कामाच्या ओझ्यात त्या हे करतात.

धरमपेठकर

एक शंका. डॉक्टरांनी व्हॉट्सॲपवर औषध लिहून देणं कायद्याला धरून आहे का? आमच्या केमिस्टने एकदा नाही म्हटलं होतं.

हृदयस्थ

@धरमपेठकर, आहे. २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, तेव्हापासून व्हिडिओ, फोन किंवा मेसेजवरून नोंदणीकृत डॉक्टर सल्ला आणि चिठ्ठी देऊ शकतो. चिठ्ठीवर डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक, पेशंटचं नाव-वय, तारीख आणि सही हवी. तिचा फोटो किंवा पीडीएफ चालतो. 'दोन गोळ्या घ्या' असा नुसता मेसेज म्हणजे चिठ्ठी नव्हे, केमिस्ट तिथे अडणारच. त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत झालेली पुढची भेट फॉलो-अप धरली जाते, आणि फॉलो-अपमध्ये आधीच्या औषधांत भर घालण्याची मुभा जास्त आहे. अंमली आणि झोपेची काही औषधं मात्र फोनवरून लिहिता येत नाहीत.

आता फोनचं माझ्या मते सगळ्यात मोठं काम, ज्याबद्दल कमी बोललं जातं. पंपिंग कमी असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये चार गटांची औषधं आयुष्य वाढवतात. पण ती छोट्या डोसने सुरू करून वाढवत न्यावी लागतात. प्रत्यक्षात काय होतं? सुट्टीच्या वेळी जो छोटा डोस लिहिला, तोच दोन वर्षं चालतो, कारण दर वेळी नागपूरला येणं जमत नाही. २०२२ चा स्ट्राँग-एचएफ अभ्यास बघा. सुट्टीनंतर दोन आठवड्यांत औषधं पूर्ण डोसपर्यंत नेली, आणि पहिल्या सहा आठवड्यांत चार वेळा तपासणी केली. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरतीचं प्रमाण २३.३ टक्क्यांवरून १५.२ वर आलं. त्या तपासण्या समोरासमोर होत्या आणि सोबत रक्त तपासणी होती, हे विसरायचं नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी रक्त देऊन, घरचं बीपी सांगून, व्हिडिओवर डोस वाढवता आला तर दर वेळच्या गाडीच्या प्रवासातून पेशंट सुटतो.

गोरेवाडा_७७

औषधांच्या खर्चाबद्दल कोणी बोललंच नाही. बाबांच्या महिन्याच्या औषधांनी आमचं कंबरडं मोडलं होतं. आता त्या चारपैकी दोन गोळ्या पुष्कळ स्वस्त झाल्यात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-वालसार्टनचं २०२३ च्या सुरुवातीला. तेव्हापासून भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आहेत. जुन्याच महागड्या ब्रँडवर अडकला असाल तर पुढच्या कॉलवर डॉक्टरांना विचारा. परवडत नाही म्हणून एक दिवसाआड गोळी घेणारे लोक मी स्वतः पाहिलेत, आणि ते डॉक्टरांना लाजेने सांगत नाहीत. फोनवर हे सांगणं जरा सोपं जातं.

खामल्याची_लेक

@गोरेवाडा_७७, फार मोलाचं. आमच्या सिस्टर महिन्यातून एकदा शिल्लक गोळ्या मोजायला लावतात, त्यामागचं कारण आता कळलं.

डॉक्टर, आता मला सतावणारा प्रश्न. उन्हाळ्याचं काय? बाबांना दिवसाला दीड लिटर पाणी सांगितलंय. हिवाळ्यात ते ठीक आहे. पण मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो, नवतप्यात तर कूलरसमोर बसूनही घसा कोरडा पडतो. तेव्हाही दीड लिटरच?

हृदयस्थ

@खामल्याची_लेक, नागपूरच्या डॉक्टरने हा प्रश्न पेशंटने विचारायच्या आधी एप्रिलमध्येच काढायला हवा. घामावाटे मीठ-पाणी जातं, वरून लघवीची गोळी चालू असते, आणि बीपी कमी करणारी औषधंही असतात. पेशंट उभा राहिला की चक्कर येऊन पडतो, किडनीचे आकडे बिघडतात. म्हणून उन्हाळ्यात काट्याचं काम उलट दिशेनेही चालतं. वजन दीड-दोन किलोने उतरलं, बीपी नेहमीपेक्षा बरंच खाली आलं, लघवी कमी आणि गडद झाली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तेही त्याच दिवशी कळवायचं. पाणी किती वाढवायचं आणि गोळी किती कमी करायची, ते डॉक्टर आकडे बघून सांगतील. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही आणि मनाने घोटभर घोटभर वाढवत तीन लिटरवरही जायचं नाही. जुलाब-उलट्या झाल्या किंवा उपासाने पोट रिकामं असेल तर काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, डापाग्लिफ्लोझिन त्यातली एक. कुठल्या थांबवायच्या, ते आधीच लिहून घ्या. ओआरएस किंवा मीठ घातलेलं लिंबू सरबत विचारल्याशिवाय सुरू करू नका, त्यात सोडियम असतं.

पाटोडी_रस्सा

खाण्याचं पण सांगा. आमच्याकडे आजोबांना पोहे तर्रीशिवाय उतरत नाहीत. आणि कुणीतरी कमी सोडियमचं मीठ आणून दिलंय, ते चालेल ना? संत्र्याचा सीझन आहे, रोज ज्यूस देतो.

सिस्टर_सदर

@पाटोडी_रस्सा, ते मीठ आजच्या आज बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. त्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. हार्ट फेल्युअरच्या बऱ्याच गोळ्या, विशेषतः स्पायरोनोलॅक्टोन, शरीरात पोटॅशियम वाढवतात. वरून हे मीठ, नारळपाणी आणि रोजचा संत्र्याचा रस म्हणजे पोटॅशियम इतकं चढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. एखादं संत्रं खाण्याची बहुतेकांना मनाई नसते. पेलाभर रस म्हणजे चार-पाच संत्री एकदम. किडनी कमजोर असेल तर आधी रिपोर्ट दाखवा, मग ठरवा.

तर्रीबद्दल: तिखटापेक्षा तिच्यातल्या मिठाची भीती आहे. पापड, कुरडया, सांडगे, लोणचं, चिवडा, शेव, हे सगळं बंद केलं आणि भाजीत मीठ थोडं ठेवलं तर माणूस जेवतो. सगळंच अळणी केलं तर चार दिवसांत जेवणच सोडतो, हे मी अनेक घरांत बघितलंय. पोह्यांवर घरची, कमी मिठाची पातळ तर्री घाला, लिंबू पिळा, कोथिंबीर टाका.

आणि गुडघे दुखतात म्हणून केमिस्टकडून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या अजिबात नकोत. त्या पाणी धरून ठेवतात आणि किडनीवर ताण आणतात. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसणाऱ्या गोळ्या आणि पोट फुगलं की घ्यायची पावडर, दोन्हींत सोडियम भरपूर असतं. वजन अचानक वाढलं की मी जेवणाबरोबर हेही विचारते, आणि बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.

वैनगंगाकाठी

माझा एक आग्रह आहे. या सगळ्यात फोन कधी करायचाच नाही, हेही ठळक लिहा. आमच्या ओळखीत एका घरी छातीत दुखत असताना मुलं व्हिडिओ कॉल जुळवत बसली होती. रेंज नव्हती.

हृदयस्थ

@वैनगंगाकाठी, अगदी बरोबर. छातीत दुखणं किंवा दडपण, बसल्या जागी धाप, फेसाळ गुलाबी कफ, ओठ निळे पडणं, शुद्ध हरपणं, नवीन गोंधळलेपण, ठोके खूप जलद किंवा अगदी मंद होऊन घाम फुटणं. यात कॉल, मेसेज, आकडे काही नाही. १०८ बोलवा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. पेशंटला आडवं झोपवू नका, पाय खाली सोडून बसवा. शुद्ध हरपली असेल तर मात्र बसवायचं नाही. नागपूरच्या डॉक्टरांना वाटेतून कळवता येतं.

टेलिमेडिसिन हे दोन संकटांच्या मधल्या शांत दिवसांसाठी आहे. ते दिवस वाढवणं, हे त्याचं काम.

उमरेड_रोड

डॉक्टरसाहेब, सिस्टर, हे सगळं मामीला वाचून दाखवलं. आता मामाच्या डॉक्टरलाच सरळ विचारलं, त्यांनी रविवारसाठी काय करायचं ते कागदावर लिहून दिलं. एकच प्रश्न राहिला. पॅकेजवाल्यांनी काटा परत नेला, आम्ही नवीन घेतला. त्याच्यावर मामाचं वजन ५८ दाखवते, अन् दवाखान्यातल्या काट्यावर ५९.५ होतं. कोणतं खरं धरायचं?

सिस्टर_सदर

@उमरेड_रोड, घरचं धरा. दोन काटे कधीच जुळत नाहीत. आपल्याला रोजचा फरक बघायचाय, त्यामुळे रोज तोच काटा, तीच जागा. मामांची सूज उतरलेली आहे, दम नाही, आडवं झोपता येतंय, अशा दिवसांतल्या सकाळचं घरच्या काट्यावरचं वजन त्यांचं ड्राय वेट म्हणून डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या आणि काट्याला चिकटपट्टी लावून त्यावर लिहा. सेल उतरले की आकडे भलतेच येतात, म्हणून पाण्याची सीलबंद पाच लिटरची कॅन ठेवून अधूनमधून तपासा. तो आकडा दर वेळी सारखा यायला हवा. आणि काही महिन्यांनी मामांची भूक सुधारली, अंगाला लागायला लागलं, की ड्राय वेट पुन्हा ठरवावं लागतं, नाहीतर मामी विनाकारण घाबरतील.

खामल्याची_लेक

चिकटपट्टीचं आजच आईला सांगते. @हृदयस्थ, उन्हाळ्यात आणि उलट्या-जुलाबात कुठल्या गोळ्या थांबवायच्या, ते आमच्या डॉक्टरांकडून पुढच्या कॉलवर लिहून घेते. आईच्या वहीतला तक्ता मी कोरा करून इथे टाकते: तारीख, वजन, बीपी, नाडी, पाय, उशा, आणि शेवटचा रकाना 'कोणाला कळवलं'. तो शेवटचा रकाना माझ्या मते रिकामा राहता कामा नये. हवा त्याने प्रिंट काढून घ्यावा.